सिन : तोंडातला दात, माणसाचे वय

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्या घरांत एक शब्द हमखास कानावर येतो, 'कमसिन'. "लडकी अभी कमसिन है." हे वाक्य कुणी नकार म्हणून वापरते, तर कुणी पसंती म्हणून. शायरीत आणि सिनेमाच्या गाण्यांत हा शब्द इतका घोळवला गेला, की आता तो ऐकला की मुलीच्या वयाऐवजी तिचे रूपच डोळ्यांपुढे येते.

हा शब्द उकलून पाहू. 'कम' फारसी आहे, म्हणजे थोडे. 'सिन' अरबी आहे. सिन म्हणजे काय, असे घरात विचारले तर बहुतेक जण म्हणतील, वय. उत्तर बरोबर आहे. पण अरबी कोशात 'सिन्न' हा शब्द काढला तर पहिला अर्थ सापडतो तो दात! वय हा अर्थ त्याच्या पाठोपाठ येतो. एकच शब्द तोंडातल्या दातालाही लागतो आणि माणसाच्या वयालाही. या महिन्यात आपण हाच शब्द घेऊ. बकऱ्याच्या बाजारापासून निकाहनाम्यापर्यंत आणि घरातल्या दादी-नानीपर्यंत त्याची नाळ जोडलेली आहे.

एका घरात तीन शब्द

दातासाठी आपल्याकडे तीन ठिकाणांहून शब्द आले. 'दात' हा संस्कृत 'दन्त'चा वारस. फारसीतला 'दंदान' हा त्याचाच चुलतभाऊ. दोघांचे मूळ घराणे एक. उर्दूत दात बनवणाऱ्याला 'दंदानसाज' म्हणतात आणि समोरच्याची बोलती बंद करणाऱ्या उत्तराला 'दंदानशिकन जवाब', म्हणजे शब्दशः दात पाडणारे उत्तर. मराठीतही आपण "दात घशात घातले" असे म्हणतोच. तिसरा शब्द अरबी 'सिन्न'. त्याचे कूळ वेगळे. अरबीची बहीण असलेल्या हिब्रू भाषेत दाताला 'शेन' म्हणतात, यावरून तो किती जुना असेल याची कल्पना येते.

सिन्नचे अनेकवचन 'अस्नान'. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे कुवेत, सौदी अरेबिया, दुबई इथे नोकरीला आहेत. तिथल्या रस्त्यांवर 'तिब्बुल अस्नान' अशा पाट्या त्यांनी पाहिल्या असतील. तो दातांचा दवाखाना. तिथेच सरकारी कचेरीत किंवा इस्पितळात 'किबारुस्सिन' अशी पाटी लावलेली वेगळी रांग असते. ती ज्येष्ठांची, मोठ्या वयाच्यांची रांग. एका पाटीवर सिन्न म्हणजे दात, दुसरीवर वय.

आपल्यासारखाच अरबांनीही दात तोंडाबाहेर नेला. आपण कंगव्याचे दात, करवतीचे दाते म्हणतो. त्यांच्याकडेही कंगव्याला आणि करवतीला 'अस्नान' असतात. लेखणीचे टोक म्हणजे 'सिन्नुल कलम'. आखाती स्वयंपाकाच्या कृतीत कुणी 'सिन्न सूम' असे वाचले तर घाबरू नये, ती लसणीची एक पाकळी! लसणीची सोललेली पाकळी समोर ठेवून पाहा, नाव पटते.

मदरशात तजवीद शिकणाऱ्या मुलांना तर दातांची सगळी नावे पाठ असतात, कारण कोणते अक्षर जिभेने कोणत्या दाताला टेकवून उच्चारायचे हे त्यावरून शिकवतात. समोरचे चार 'सनाया', त्यांच्या बाजूचे चार 'रबाइयात', चार सुळे 'अनयाब'. मग हसताना दिसणारे चार 'जवाहिक', दळण दळणाऱ्या बारा दाढा 'तवाहिन' आणि शेवटी चार अक्कलदाढा 'नवाजिज'. बेरीज बत्तीस. तवाहिन हा शब्द पीठ दळण्याच्या क्रियेवरून आलेला आहे. दाढेला जाते म्हणण्याची ही कल्पना ज्या बाईने जाते ओढले आहे तिला लगेच कळेल.

इथे एक सावधगिरी हवी. उर्दू लिपीत 'सिन' आणि 'सन' एकसारखेच लिहिले जातात, पण ते एक नव्हेत. 'हिजरी सन', 'इसवी सन' यांतला सन अरबी 'सना' या शब्दापासून आला, त्याचा अर्थ वर्ष. मराठीने तो इतका आपलासा केला की तो परका होता हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दाताशी त्याचा संबंध नाही. 'सुन्नत' हा शब्द मात्र सिन्नच्याच तीन अक्षरांखाली कोशात सापडतो. त्या अक्षरांत धार लावणे, वाट घालून देणे असे अर्थ आहेत, आणि दात घासण्याच्या क्रियेलाही त्याच अक्षरांतून बनलेले क्रियापद हदीसमध्ये येते. त्याचा उल्लेख शेवटी करू.

दाताच्या बदल्यात दात

पवित्र कुरआनच्या सूरह माइदाच्या ४५व्या आयतीत सिन्न हा शब्द आला आहे. तौरातमध्ये बनी इस्राईलना दिलेल्या कायद्याची तिथे आठवण आहे : जिवाच्या बदल्यात जीव, डोळ्याच्या बदल्यात डोळा, नाक, कान आणि दाताच्या बदल्यात दात. लोक बहुतेक इथेच थांबतात. 'दातास दात' हे बदल्याचे ब्रीद असल्यासारखे मिरवले जाते. पण आयत तिथे थांबत नाही. जो आपला हक्क सोडून देईल त्याच्यासाठी ते पापक्षालन ठरेल, असे लगेच पुढे सांगितले आहे.

हा कायदा प्रत्यक्षात कसा उतरला याचा एक प्रसंग सहीह बुखारीत आहे. हजरत अनस बिन नज्र (रजि.) यांच्या बहिणीच्या, रुबय्यिअ (रजि.) यांच्या, हातून एका मुलीचा समोरचा दात तुटला. मुलीच्या घरच्यांनी कायद्याप्रमाणे बदला मागितला. भरपाई घ्यायला किंवा माफ करायला ते तयार होईनात. भाऊ कळवळून म्हणाला की माझ्या बहिणीचा दात तोडला जाणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नाते पाहिले नाही, अल्लाहचा कायदा बदल्याचाच आहे, हे स्पष्ट सांगितले. मग मुलीच्या घरच्यांचेच मन वळले. त्यांनी भरपाई घेतली आणि माफ केले.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. ज्याचा दात गेला त्याचा हक्क कुणी हिरावून घेतला नाही. वजनदार घराण्याची बाई म्हणून प्रकरण दाबले गेले नाही. आणि माफी आली ती हक्क मान्य झाल्यानंतर, ज्याचा हक्क होता त्याच्याकडून. आपल्याकडे भांडणे मिटवताना नेमके उलटे होते. ज्याचे नुकसान झाले त्यालाच सगळे सांगतात, "जाऊ दे, माफ कर." चूक झाली हे आधी कुणी म्हणतच नाही.

दाताच्या भरपाईबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हदीसमध्ये एका दाताची भरपाई पाच उंट ठरलेली आहे. पुढे प्रश्न निघाला की समोरचा दात आणि मागची दाढ यांची किंमत सारखी कशी? समोरचा दात गेला तर चेहरा बिघडतो, मागची दाढ कुणाला दिसतही नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी बोटांकडे लक्ष वेधले. बोटे लहान-मोठी असतात, पण सगळ्यांची भरपाई सारखीच. तसेच दातांचे. दिसणारा आणि न दिसणारा, दोघांचे मोल एक.

तोंड उघडा, वय सांगतो

आता वयाकडे येऊ. दात आणि वय एकाच शब्दात कसे आले, हे कोशापेक्षा जनावरांच्या बाजारात लवकर समजते.

वाळवंटातल्या उंटपाळाकडे जन्माचा दाखला नव्हता. जनावराचे वय सांगायला तोंड उघडायचे आणि दात मोजायचे. म्हणून अरबीत वयस्क जनावराला 'मुसिन्ना' म्हणतात, सिन्नवरूनच. तीस गाईंवर एक वर्षाचे वासरू आणि चाळीस गाईंवर एक मुसिन्ना, असा जकातीचा हिशेब हदीसमध्ये आहे. कुर्बानीबद्दलही सहीह मुस्लिममधली हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस मुसिन्नाच कापायला सांगते, अडचण असेल तर मेंढीच्या बाबतीत सवलत देते.

आता आपल्या शेतकऱ्याची भाषा ऐका. गोऱ्ह्याला पक्के दात आले नसतील तर तो 'आदत'. मग 'दोन दाती', 'चार दाती', 'सहा दाती', आणि आठही दात आले की बैल 'जुळला'. बैलाचे वय वर्षांत कुणी सांगत नाही, दातांत सांगतात. अरबस्तानचा उंटपाळ आणि माणदेशचा शेतकरी कधी भेटले नाहीत. पण जनावराच्या ओठाआड दोघांनी एकच दाखला वाचला.

बकरी ईदच्या आधी बाजारात हीच भाषा चालते. "चाचा, बकरा दोन दाती आहे ना?" "बेटा, तोंड उघडून बघ ना!" पण बघायचे काय, हे सगळ्यांना ठाऊक नसते, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. बकऱ्याला वरच्या जबड्यात समोर दात नसतातच, तिथे कडक हिरडी असते. त्यामुळे वरचे दात शोधू नयेत. खालच्या ओठाआड समोर आठ दात असतात. पिलाचे सगळे आठ दुधाचे : बारीक, अरुंद, पांढरे. साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास मधले दोन पडून त्या जागी दोन मोठे, रुंद दात येतात. तो दोन दाती. दोन वर्षांच्या आसपास त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक, तो चार दाती. जात, चारा, हवामान यांनुसार काही महिने पुढे-मागे होतात. पक्के दात आणि दुधाचे दात शेजारी शेजारी दिसले की फरक लहान मुलालाही कळतो.

उलेमांनी हे स्पष्ट केले आहे की अट आहे ती वयाची. दात ही वयाची खूण. वय खात्रीने माहीत असेल, बकरा घरचाच पाळलेला असेल, तर दातांवर अडून बसायचे कारण नाही. वयाच्या बाबतीत हनफी मताप्रमाणे बकरा पूर्ण एक वर्षाचा, म्हशीच्या जातीचे जनावर दोन वर्षांचे आणि उंट पाच वर्षांचा हवा. कोकणात शाफई मत चालते. तिथे मेंढीला एक वर्ष पुरते, पण बकरा पूर्ण दोन वर्षांचा लागतो. म्हणजे पुण्या-सोलापूरच्या घरात जो दोन दाती बकरा चालतो, तोच रत्नागिरीच्या घरात चालेलच असे नाही. मुंबईत एकाच चाळीत दोन्ही मतांची घरे असतात. शेजाऱ्याने घेतला म्हणून आपणही घेतला, असे करण्याआधी आपल्या आलिमांना विचारावे.

मराठीत एक म्हण आहे : धर्माची गाय आणि दात का गं नाय? फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असा तिचा अर्थ. उर्दू-हिंदीतही दानाच्या बछड्याचे दात पाहत नाहीत, असे म्हणतात. घेणाऱ्यासाठी ही शिकवण चांगलीच आहे. कुर्बानीत मात्र आपण देणारे असतो. तिथे दात मोजण्याचे काम आपलेच. दुसऱ्याने दिले तर खोड काढू नये, आणि आपण द्यायचे तर खोट राहू देऊ नये. हा नियम फक्त बकऱ्यापुरता आहे का? जकातीच्या पैशांतून कपडे घेताना, यतीमखान्याला धान्य पाठवताना, कामवालीला घरातले जुने सामान देताना आपण दात मोजतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

कमसिन कोण?

माणसाच्या बाबतीतही दातांनी वयाची साक्ष दिली आहे. बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून दुधाचे दात येऊ लागतात, ते एकूण वीस. सहाव्या-सातव्या वर्षी ते पडायला लागतात. मुलांना नमाज शिकवायला हदीसमध्ये जे सातवे वर्ष सांगितले आहे, ते नेमके याच सुमाराचे. समोरचे दोन दात पडलेले पोर "अस्सलामु अलैकुम" म्हणताना स-स करते, तेच नमाज शिकण्याचे वय. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत अठ्ठावीस दात भरतात. उरलेल्या चार दाढा सतराव्या वर्षानंतर पंचविशीपर्यंत केव्हातरी येतात. कुणाला येतही नाहीत. त्यांना मराठीत अक्कलदाढ, फारसीत 'दंदाने अक्ल' आणि अरबीत 'जिर्सुल अक्ल' म्हणतात. तिन्ही भाषांचे एकमत आहे की अक्कल उशिराच येते!

इंग्लंडमध्ये १८३३ साली कारखान्यांचा कायदा झाला आणि रेशमाच्या गिरण्या सोडून बाकीच्या कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. पण मुलाचे वय ठरवायचे कसे? जन्माची सरकारी नोंद तिथे १८३७ मध्ये सुरू झाली. तोवर उंचीवरून अंदाज बांधत. आईबाप गरिबीपायी वय वाढवून सांगत, मालकाला स्वस्त हात हवे असत, आणि सहा-सात वर्षांचे उंच पोर नऊचे म्हणून खपून जाई. त्याच १८३७ साली एडविन साँडर्स या दंतवैद्याने एक पुस्तिका काढून सांगितले की उंचीपेक्षा दात जास्त भरवशाचे आहेत. गिरणीतल्या मुलांचे तोंड उघडून पाहा. उंट विकत घेणारा अरब जे करत होता, तेच गिरणीच्या दारात मुलांना वाचवण्यासाठी करा, असे ते सांगणे होते.

आपल्या देशात आजही हा उपयोग संपलेला नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे वयाचा वाद निघाला तर आधी शाळेचा दाखला, मग जन्माचा दाखला पाहतात. दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणी होते. त्यात डॉक्टर हाडांचे आणि दातांचे एक्स-रे पाहतात. अठराच्या आसपासचा निर्णय असला की अक्कलदाढ कुठवर आली, हे बघितले जाते. तेही अंदाजच असतात, एक-दोन वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात. म्हणूनच कागद हवा. ज्या घरात मुलांच्या जन्माची नोंद वेळेवर झालेली नाही, शाळेत घालताना अंदाजे तारीख लिहिली आहे, त्या घरांनी हे मनावर घ्यावे.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ : लडकी कमसिन है. पसंतीच्या सुरात हे वाक्य म्हटले जाते तेव्हा त्याच्यामागून दुसरे वाक्य येते : "कमसिन आहे, सासरच्या वळणाला लवकर लागेल." शब्द उकलला तर आपण काय म्हणतो आहोत? हिचे वय थोडे आहे, दात पुरते आले नाहीत, म्हणून ही चांगली. जनावराच्या बाजारात ज्या कारणासाठी आपण बकरा परत पाठवतो, तेच इथे गुण म्हणून सांगितले जाते. 'कमसिनी' या शब्दाचा साधा अर्थ बालपण आहे. शायराने त्याला काय रंग दिला ते दिले, घरातल्या थोरांनी तरी तो शब्द त्याच्या मूळ अर्थाने घ्यावा.

आपल्या फिकहच्या भाषेत 'सिन्ने बुलूग' आहे, म्हणजे शरीराने वयात येणे. पण तेवढेच नाही; 'सिन्ने रुश्द'ही आहे, समज येण्याचे वय. सूरह निसाच्या ६व्या आयतीत अनाथ मुलांबद्दल सांगितले आहे की ती निकाहच्या वयाला पोचली आणि त्यांच्यात समज दिसली की त्यांचा माल त्यांच्या स्वाधीन करा. म्हणजे चार पैसे हाती द्यायलाही नुसते वय पुरत नाही, समज पारखून घ्या, असा आदेश आहे. मग संपूर्ण संसार हाती देताना ती पारख नको? देशाचा २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे सांगतो. निकाहनाम्यात वयाचा रकाना आहे. तिथे लिहिलेला आकडा ही साक्ष आहे, आणि खोटी साक्ष काय असते हे वेगळे सांगायला नको. निकाहमध्ये मुलीला विचारतात, कबूल आहे का? हे विचारणे खरे ठरायचे तर ज्याला 'हो' म्हणायचे ते काय आहे, हे तिला कळत असले पाहिजे.

ज्यांचे दात गेले

सिनचे दुसरे टोक म्हणजे 'मुसिन'. मुसिन म्हणजे वृद्ध. उर्दूत वृद्धाला 'सिनरसीदा' म्हणतात, वयाला पोचलेला. एकाच वयाचे ते 'हमसिन'. गंमत अशी की ज्याचे सिन, म्हणजे वय, मोठे त्याच्याच तोंडातले सिन, म्हणजे दात, गेलेले असतात. बाळाचे बोळके आणि आजीचे बोळके सारखेच दिसते. पण बाळाच्या बोळक्याला आपण मऊ भाताचा घास भरवतो, घाटा करतो, थंड करतो, फुंकर घालतो. आणि आजीच्या?

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. आपल्या किती तरी घरांत तिचा दुसरा भाग रोज घडतो. मुलगे कमावते झाले, फ्रिजमध्ये गोश्त आले, दस्तरखानावर रोट्या-कबाब आले, आणि दादी फक्त रस्सा खाते. भाकरी रश्श्यात बुडवून मऊ होईपर्यंत वाट पाहते, तोवर बाकीच्यांचे जेवण आटोपते. कुणी विचारले तर म्हणते, "बेटा, मला भूकच नाही." कवळी बसवू या का, असा विषय निघाला की घरातूनच उत्तर येते, "आता या वयात कवळी कशाला?" लग्नाच्या मंडपाला जेवढा खर्च होतो त्याच्या एका कोपऱ्यात कवळी येते. पण मंडप सगळ्यांना दिसतो. दादीचे तोंड बंद असते.

सूरह बनी इस्राईलमध्ये आईबाप तुमच्याजवळ म्हातारपणाला पोचले तर त्यांना 'उफ'सुद्धा म्हणू नका, असे बजावले आहे. 'तुमच्याजवळ' हा शब्द महत्त्वाचा. त्यांचे म्हातारपण आपल्या घरात, आपल्या दस्तरखानावर येते. उफ न म्हणणे ही तर किमान मर्यादा झाली. त्यापुढे एक मऊ शिजवलेला खिमा, एक चांगला घोटलेला खिचडा, दातांच्या डॉक्टरकडे एक फेरी, एवढे तरी असावे. दात नसले की नुसते चावणे जात नाही. उच्चार जातात, फोनवर बोलणे टळते, चारचौघांत हसणे जाते. नमाजमध्ये अक्षरे नीट उमटत नाहीत, याची खंत कितीतरी बुजुर्ग मनातच ठेवतात.

आता तो हदीसमधला प्रसंग. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे शेवटचे आजारपण होते. ते हजरत आयेशा (रजि.) यांना टेकून होते. अंगात बोलण्याचे त्राण उरले नव्हते. तेवढ्यात आयेशा (रजि.) यांचे भाऊ अब्दुर्रहमान (रजि.) आत आले. त्यांच्या हातात मिसवाक होती. प्रेषितांची (स.) नजर त्या मिसवाकवर खिळली. आयेशा (रजि.) यांनी ती नजर ओळखली आणि विचारले, आपल्यासाठी घेऊ का? त्यांनी मान हलवली. मिसवाक कडक होती. आयेशा (रजि.) यांनी ती स्वतः चावून मऊ केली आणि मग त्यांच्या हाती दिली. त्यांनी दात घासले. या दात घासण्याला हदीसमध्ये जे क्रियापद आले आहे, ते 'इस्तन्ना', सिन्नच्याच अक्षरांचे.

आपण या प्रसंगातून मिसवाकचे महत्त्व सांगतो, आणि ते आहेच. पण त्यात सेवा करणाऱ्याचेही शिक्षण आहे. आजाऱ्याने मागितले नव्हते, फक्त पाहिले होते. पाहणाऱ्याकडे कुणीतरी पाहत होते. त्यांनी विचारून घेतले, आणि जे कडक होते ते मऊ करून दिले. घरातल्या मुसिन माणसाची सेवा म्हणजे याहून वेगळे काय असते?

आज रात्री दस्तरखान घालताना घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या ताटाकडे एकदा बघा. ताटात काय उरले आहे, ते बघा. ते का उरले, हे त्यांना प्रेमाने विचारा. आणि मुलांना 'कमसिन' व 'मुसिन' हे दोन शब्द शिकवा. एकाला दात यायचे आहेत, दुसऱ्याचे जाऊन आले आहेत. दोघांच्या मध्ये आपण आहोत, बत्तीस दातांचे.

पुढील अंकात 'अमानत' हा शब्द घेऊ. तोवर, खुदा हाफिज.